आधी पडायला शिका!

पाठ लागली की कुस्ती संपली, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तांबड्या मातीतला पहिलवान जन्मभर मेहनत करतो ती आपली पाठ मातीला लागू नये म्हणून. अशा मुलखातला माणूस ज्युदो शिकायला गेला की पहिल्याच दिवशी त्याची पंचाईत होते. कारण तिथला श्रीगणेशाच मुळी पाठ टेकण्यापासून!

इंग्लंडातील एका विद्यापीठात शिकत असताना मी तिथल्या ज्युदो क्लबात नाव घातले. वय अठ्ठावीस, अंगकाठी बेताची, आणि लहानपणी आंब्यावरून पडून मनगट मोडल्यापासून पडण्याची धास्ती मनात कायमची. खरे म्हणजे त्या धास्तीचा निकाल लावावा म्हणूनच मी गेलो. जाड विणीचा सुती अंगरखा आणि नवशिक्याचा पांढरा पट्टा अशा थाटात गाद्यांवर उभा राहिलो. आता एखादा फर्मास डाव पाहायला मिळणार! पण वस्तादांनी साऱ्यांना खाली बसवले आणि म्हणाले, "हं, पडा!"

या पडण्याला उकेमी म्हणतात. आधी बसून पडायचे, मग उकिडवे, मग उभ्याने. हनुवटी छातीशी धरायची, म्हणजे डोके मागे आपटत नाही. पाठ गोल ठेवायची. पाठ टेकते त्याच क्षणी हात अंगापासून थोडे दूर, तळवे खाली करून गादीवर सपकन मारायचे. आघात मग एका जागी बसत नाही, वाटला जातो. आणि एक गोष्ट कदापि करायची नाही : सावरण्यासाठी हात टेकायचा नाही. ताठ हातावर सारे वजन आले की मनगट नाही तर कोपर दगा देते. माझ्या मनगटाला हे वीस वर्षांपूर्वी कुणी सांगितले असते तर!

ही विद्या निघाली तीही विद्यापीठातून नुकत्याच बाहेर पडलेल्या एका तरुणाच्या डोक्यातून. जिगोरो कानो १८६० साली जन्मला. देहाने किडकिडीत, दांडगी मुले छळत. म्हणून टोकियो विद्यापीठात शिकताना तो जुन्या जुजुत्सूच्या गुरूंकडे जाऊ लागला. १८८२ साली एका देवळात, बारा चटयांच्या जागेत, त्याने स्वतःची शाळा काढली. तीच पुढे कोदोकान म्हणून गाजली, आणि १९६४ साली टोकियोच्याच ऑलिंपिकमध्ये ज्युदो पहिल्यांदा दाखल झाला. कानोची सूत्रे दोन : शक्तीचा उत्तम विनियोग आणि परस्परांचे कल्याण.

दुसऱ्या सूत्राचा अर्थ मला सहाव्या आठवड्यात कळला. माझ्यासमोर पदार्थविज्ञान शिकणारी, जेमतेम माझ्या खांद्याला लागेल एवढी मुलगी उभी होती. कमरेला तपकिरी पट्टा. तिने माझी बाही आणि गळपट्टी धरली, किंचित ओढून मला चवड्यांवर आणले, गर्रकन वळून आपली कंबर माझ्या कमरेखाली घातली, आणि छताचे दिवे माझ्या पायांखालून गेले! आपल्या धोबीपछाडीचाच हा जपानी मावसभाऊ. पण लागले मात्र काहीच नाही. माझी बाही तिच्या मुठीत होती; शेवटच्या क्षणी तिने ती वर ओढून धरली होती.

"आता तू," ती म्हणाली. पाडण्याची धास्ती पडण्याहून मोठी असते, हे तेव्हा उमगले. मी तिला कमरेवर घेतले तोच वस्ताद ओरडले, "बाही सोडू नकोस! पाडल्यावर तुझे काम संपत नाही, तिथे ते सुरू होते."

हा नुसता शिष्टाचार नव्हे. ज्युदोच्या माहेरी, जपानमध्ये, १९८३ नंतरच्या सुमारे तीस वर्षांत शाळांतून ज्युदो शिकताना शंभराहून अधिक मुले दगावली. पुष्कळांच्या डोक्याला मार बसला होता, आणि त्यांत नवशिकी मुले बरीच होती.

तेव्हा वाचकहो, तुम्ही किंवा तुमची मुले अशा एखाद्या क्लबात नाव घालणार असाल, तर भिंतीवरची पदके मोजत बसू नका. नवशिक्यांना किती दिवस नुसते पडायला लावतात, एवढेच विचारा. उत्तर "पुष्कळ दिवस" असे आले तर खुशाल पैसे भरा. पहिल्याच संध्याकाळी नवख्याला उंच उचलून आपटणारा वस्ताद दिसला, तर मात्र चपला घाला आणि मुकाट्याने घरी या.