तवंग नाही म्हणजे धोका नाही?

ह्यूस्टनला येऊन मला आठ वर्षं झाली. काम सॉफ्टवेअरचं. समुद्राच्या तळाशी तेलविहीर फुटली तर तेल आणि वायू कुठवर जातील, याचा अंदाज बांधणारा प्रोग्रॅम आम्ही लिहितो. परवा उरणहून काकांचा फोन आला. त्यांचं घर मासेमारीवर चालतं. म्हणाले, "अरे, पाण्यावर तवंगच नसेल तर मासळीला कसला धोका?"

मी त्यांना २०१० सालची गोष्ट सांगितली. मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन'वर स्फोट झाला, ११ कामगार गेले. सुमारे १,५०० मीटर खोलीवर ८७ दिवस तेल वाहत होतं. मोठे थेंब काही तासांत वर आले. बारीक थेंब आणि विरघळलेला मिथेन मात्र सुमारे १,१०० मीटर खोलीवर ढगासारखे पसरले. वरून ते दिसत नव्हते. पुढे विहिरीपासून ११ किलोमीटरवर तपकिरी थराखाली मरणारी प्रवाळं सापडली.

म्हणून किती तेल सांडलं एवढ्यावर धोका ठरत नाही. थेंब केवढे, प्रवाह कुठला, आणि त्या वेळी पाण्यात कोणाची अंडी आहेत, हेही बघावं लागतं. तो स्फोट एप्रिलमधला, म्हणजे ट्यूनाच्या विणीचा हंगाम.

"मुंबई हायला पाणी उथळ, तिथलं गणित वेगळं," मी म्हणालो. "पण विणीचा प्रश्न तोच."

काका म्हणाले, "म्हणूनच आपल्याकडे पावसाळ्यात होड्या बंद ठेवतात. तुझ्या कॉम्प्युटरला ते शिकवलंस का?"

सोमवारी ऑफिसात पहिलं तेच तपासलं.