पहिली गाडी किती ताकदीची?

आजचा विषय घराघरांतल्या वादाचा आहे. अठरा पूर्ण झाली, लायसन्स हातात आलं की मुलगा म्हणतो, घ्यायची तर ‘ड्यूक’च. वडील म्हणतात, ‘स्प्लेंडर’ घे आणि गप कॉलेजला जा. आई म्हणते, गाडीच नको. यात बरोबर कोण हे ठरवण्याआधी आपण ताकद म्हणजे काय ते नीट बघू.

आपल्याकडे गाडी सीसीवर मोजतात. पण सीसी म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरचं आकारमान. गाडी किती उसळेल हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी हॉर्सपॉवर आणि वजन एकत्र बघावं लागतं. स्प्लेंडर ९७ सीसीची, हॉर्सपॉवर सुमारे ८, वजन ११२ किलोच्या आसपास. म्हणजे दर १०० किलोमागे ७ हॉर्सपॉवर. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घ्या: हॉर्सपॉवर २०, पण वजन १९५ किलो. दर १०० किलोमागे १०. आता आपल्या चाकणला बनणारी ३९० ड्यूक: हॉर्सपॉवर ४० च्या वर, वजन १७० किलोच्या आत. दर १०० किलोमागे २५ च्या आसपास! ३५० आणि ३९० हे आकडे शेजारी-शेजारी दिसतात, पण त्या दोन गाड्यांच्या पिकअपमध्ये दुपटीहून जास्त फरक आहे.

इथे कुणी ज्येष्ठ म्हणतील, आम्ही आरएक्स १०० वर शिकलो, काय झालं? तिचं गणितही हेच सांगतं. ११ हॉर्सपॉवर, १०३ किलो. म्हणजे त्या काळी जिला तुफान म्हणत, तीसुद्धा हिशेबाने आजच्या क्लासिकच्या जवळपासच भरते.

बरं, जास्त ताकदीने बिघडतं काय? नवा माणूस दचकला की हॅंडल घट्ट धरतो आणि नकळत मनगट मागे वळतं, रेस वाढते. स्प्लेंडरवर एक छोटा धक्का बसतो. ताकदीच्या गाडीवर काही कळायच्या आत वेग कुठच्या कुठे गेलेला असतो. चूक तीच, पण सावरायला वेळ मिळत नाही. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायचं अंतर चौपट होतं. ४० वर सराव झालेल्या हाताला ८० चा अंदाज येत नाही, तो यामुळेच.

त्यात आपली रत्नागिरी. आरे-वारेची वळणं घ्या, आंबा घाट घ्या. पावसाळ्यात जांभ्याची माती वाहून रस्त्यावर येते, कडेला शेवाळ धरतं. हातखंब्याला महामार्गावर चढलात की शेजारी अवजड ट्रक. वळणात घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला की ओल्या रस्त्यावर पुढचं चाक सुटतं. एबीएस आहे ना, असं मुलं म्हणतात. आहे, १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना ते सक्तीचंच आहे. पण एबीएस चाक जाम होऊ देत नाही एवढंच. वळणात जास्त वेगाने शिरलेल्या गाडीला ते वाचवेल, असं धरून चालू नका.

कायदा इथे मदत करत नाही. आपल्याकडे अठराव्या वर्षी गिअरच्या मोटारसायकलचं लायसन्स मिळालं की त्यावर ९७ सीसीही चालते आणि १००० सीसीही. युरोपात पायऱ्या आहेत: आधी १२५ सीसी, मग सुमारे ४७ हॉर्सपॉवरपर्यंत, आणि मग मोकळीक. जपानमध्ये ४०० सीसीच्या वर वेगळं लायसन्स लागतं. आपल्याकडे ही पायरी घरानेच बांधायला हवी.

आम्ही सांगतो ती पायरी सोपी आहे: एक पावसाळा. पहिली गाडी १०० ते १२५ सीसीची, जुनी घेतलीत तरी चालेल. तिच्यावर जून ते सप्टेंबर काढा. मोकळ्या मैदानात ताशी ३० वरून दोन्ही ब्रेक एकत्र दाबून थांबायचा सराव करा. राम आळीच्या गर्दीत क्लच सांभाळायला शिका. मग कोरड्या दिवसात घाट, आणि महामार्ग शेवटी. ती गाडी वर्षाने विकताना थोडे पैसे जातील, जाऊ देत. हाडं जुळवण्याच्या खर्चापेक्षा ते कमीच.

एक प्रश्न आला आहे: गाडी आधीच घेतली असेल तर? तर पहिले सहा महिने मागे कुणाला बसवायचं नाही, रात्री महामार्गावर जायचं नाही आणि पहिल्या पावसात गाडी घरीच ठेवायची. हेल्मेट आयएसआय मार्कचं हवं, आणि पट्टा लावलेला. तो नुसता लोंबत असेल तर आपटल्याबरोबर हेल्मेट डोक्यावरून निघून जातं.

तेव्हा मुलाला ‘नाही’ म्हणू नका, ‘पुढच्या वर्षी’ म्हणा. आणि त्या वर्षात तो कसा चालवतो ते एकदा त्याच्या मागे बसून बघा.