मशीनच्या पोटातला पावसाळा

धुतलेला, खडखडीत वाळलेला, घडी करून कपाटात ठेवलेला टॉवेल. हातात घेतला तेव्हा त्याला कसलाच वास नव्हता. आंघोळीनंतर अंग पुसलं, टॉवेल जरा ओला झाला आणि तो ओळखीचा कुबट भपकारा आला. पावसाळ्यात ही तक्रार घरोघरी ऐकू येते आणि तिचं खापर फुटतं ते ऊन न पडण्यावर, नाहीतर धुणं वेळेत वाळत न घालणाऱ्यावर. दोघांचाही थोडाफार दोष असेलच. पण घरात फ्रंट लोड मशीन असेल तर आधी त्याचं दार उघडून आत डोकं घालावं आणि एक दीर्घ श्वास घ्यावा. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.

धुण्याच्या या विशिष्ट वासामागे नेमकं कोण आहे, याचा छडा जपानमधल्या काओ कंपनीच्या संशोधकांनी लावला आणि 2012 मध्ये तो प्रसिद्ध केला. मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा एक जिवाणू कपड्यात राहून गेलेल्या अंगाच्या तेलकट मळावर जगतो आणि त्यातून एक वासट मेदाम्ल तयार करतो. वाळवण्याला आणि अतिनील किरणांनाही तो सहजासहजी दाद देत नाही. कपडा कोरडा असेपर्यंत गप्प राहायचं आणि ओल मिळाली की पुन्हा कामाला लागायचं, हा त्याचा शिरस्ता. मशीनमध्ये त्याला सोबतही भरपूर मिळते. दाराच्या रबरावर काळे ठिपके दिसतात, साबणाच्या खणात कधी गुलाबी-नारिंगी थर धरतो, ती बुरशीची आणि यीस्टची वस्ती. एक्झोफिआला, ऱ्होडोटोरुला, फ्युझेरियम ही मंडळी घरगुती वॉशिंग मशीनमध्ये संशोधकांना सापडलेली आहेत. हे सगळे मिळून साबणाच्या आणि मळाच्या आधाराने एक बुळबुळीत थर बांधतात. हा थर एकदा जमला की साध्या धुण्याने निघत नाही.

टॉप लोडपेक्षा फ्रंट लोडमध्येच हा त्रास जास्त का, तर ज्या गुणांसाठी आपण ते मशीन घेतो, त्यांच्याच पोटी हा दोष येतो. जुनं अमेरिकन टॉप लोड मशीन एका धुण्याला सुमारे दीडशे लिटर पाणी ओतायचं. फ्रंट लोडचं काम पन्नास-साठ लिटरमध्ये उरकतं. पाणी ड्रमच्या तळाशी थोडंसंच असतं, कपडे वर जातात आणि त्या पाण्यात आपटतात, म्हणजे नदीकाठच्या दगडाचं काम ड्रम करतो. शिवाय पाणी बाहेर येऊ नये म्हणून दार हवाबंद, त्याला जाड घडीचं रबर. थोडक्यात, मळ जाईल एवढं पाणी आहे, पण मशीनचं स्वतःचं अंग धुऊन निघेल एवढं नाही, आणि धुणं संपल्यावर आतली दमट हवा बाहेर पडायला वाट नाही.

त्यात आपण साबण जास्त घालतो. फेस आला म्हणजे कपडे स्वच्छ, हा समज आपल्याकडे बादलीत धुणं भिजवण्याच्या काळापासून मुरलेला आहे. फ्रंट लोडमध्ये फेस हा अडथळाच असतो. कपडे पाण्यात आपटायचे तर मध्ये फेसाची उशी येते. त्याहून वाईट म्हणजे फेस वर चढतो, बाहेरच्या टबच्या माथ्यापर्यंत जातो, आणि खळबळून काढणारं पाणी तिथवर पोहोचत नाही. फेस तिथेच सुकतो. दर धुण्याला एक पुट चढतं. म्हणूनच या मशीनसाठी कमी फेसाची ‘मॅटिक’ पावडर वेगळी मिळते. हातधुण्याची पावडर टाकून पैसे वाचवणारी घरं काही महिन्यांनी मेकॅनिकला बोलावतात. आपला साबण जास्त होतोय का, हे पाहायचं असेल तर मशीन रिकामं ठेवून, साबण न घालता, गरम पाण्यावर एकदा चालवा आणि काचेतून बघा. फेस दिसला तर तो मागच्या धुण्यांचा.

कपडे ज्यात फिरतात तो भोकाभोकांचा स्टीलचा ड्रम आपल्याला दिसतो आणि तो नेहमी चकचकीतच असतो. त्याच्याबाहेर प्लास्टिकचा टब आहे आणि ड्रमच्या पाठीमागे, त्याला आसाशी जोडणारा, बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा तीन हातांचा सांगाडा. मेकॅनिक त्याला स्पायडर म्हणतात. दुरुस्तीच्या दुकानात खोललेलं एखादं जुनं मशीन दिसलं तर हा भाग मुद्दाम बघावा. धातू दिसतच नाही. तिन्ही हातांच्या खाचांत करड्या रंगाचा, वरून वाळलेला आणि आतून ओला लगदा ठासून भरलेला असतो. साबण, केस, धागे, चुना, मळ. चमच्याने खरवडून काढावा एवढा. रबर कितीही पुसा, वासाचं मूळ घर हे आहे आणि तिथे कुणाचाही हात पोहोचत नाही. वास जात नाही म्हणून रबर बदलून घेणाऱ्यांची निराशा होते ती यामुळेच.

हात पोहोचत नाही तिथे उष्णता पोहोचते. परटाच्या भट्टीत कपड्यांना सोडा आणि आच दोन्ही मिळायची, मग घाटावर ऊन. महालक्ष्मीच्या धोबीघाटावर कपडे उकळण्याची रीत कुणाच्या हौसेसाठी पडली नव्हती. आपण या तिन्ही गोष्टी एकामागून एक सोडल्या. वीज वाचते आणि रंग टिकतात म्हणून थंड पाणी, पंधरा मिनिटांचा क्विक वॉश आणि पावडरीच्या जागी लिक्विड. हे सगळं आपापल्या जागी बरोबर आहे, वीज वाचवू नका असं कुणी म्हणणार नाही. पण युरोपात मिळणाऱ्या बऱ्याच पावडरींमध्ये प्राणवायू सोडणारं ब्लीच असतं, लिक्विडमध्ये ते सहसा नसतं. बारा महिने फक्त थंड पाणी आणि लिक्विड चाललं तर त्या थराला धक्का लावणारं मशीनमध्ये काहीच जात नाही.

फॅब्रिक सॉफ्टनरबद्दल माझं मत सरळ आहे: वास येणाऱ्या घरात त्याची बाटली काही महिने बंद ठेवावी. सॉफ्टनर म्हणजे कपड्यावर बसणारा मेणचट, सुगंधी लेप. तो टबवरही बसतो, साबणाच्या उरल्यासुरल्या अंशाशी मिळून चिकट साका करतो आणि जिवाणूंना आयतं खाद्य पुरवतो. कुबट वासावर गुलाबाचा वास चढवून पैसे दोनदा जातात. शिवाय टॉवेलचं पाणी टिपणंही कमी होतं.

यात चूक मशीनची की वापरणाऱ्याची, हा वाद अमेरिकेत कोर्टात गेला होता. तिथे 2001 मध्ये आलेल्या व्हर्लपूलच्या ड्युएट आणि तशाच इतर फ्रंट लोड मशिनांत बुरशी धरते, त्यांची रचनाच स्वतःला साफ ठेवणारी नाही, असा ग्राहकांचा दावा होता. ओहायोतल्या ग्राहकांचा खटला वरच्या न्यायालयांत बराच फिरून अखेर 2014 मध्ये क्लीव्हलँडला ज्युरीसमोर उभा राहिला. निकाल कंपनीच्या बाजूने लागला. पुढे 2016 मध्ये देशभरच्या दाव्यांत तडजोड झाली. ज्युरीने रचनेला दोष दिला नाही, तरी टब साफ करण्याचं वेगळं बटण आज जवळपास प्रत्येक नव्या फ्रंट लोडवर दिसतं.

ते बटण दाबायचे कष्ट आपण घेत नाही, हे मात्र खरं. मशीनवर असं बटण नसेल तर कॉटनचा सर्वांत गरम कार्यक्रम, 60 ते 90 अंशांचा, मशीन रिकामं ठेवून चालवायचा. ड्रममध्ये सोडियम परकार्बोनेटची साधारण शंभर ग्रॅम पावडर टाकायची. ‘ऑक्सिजन ब्लीच’ म्हणून ती ऑनलाइन मिळते. गरम पाण्यात तिचा धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होतो: सोडा तेलकट पुट सोडवतो, पेरॉक्साइड बुरशी जाळतं. परटाची भट्टीच म्हणा. खूप दिवसांचं साठलेलं असेल तर मध्येच मशीन थांबवून गरम पाणी तासभर आत मुरू द्यावं. काचेवर चहासारखं तपकिरी पाणी दिसू लागेल. पहिल्या खेपेनंतर ड्रममध्ये काळे-तपकिरी पापुद्रे दिसले तर घाबरू नका, तो सुटलेला थर आहे. मात्र लगेच पांढरे शर्ट टाकू नका. एक-दोन वेळा नुसत्या पाण्याने खळबळून घ्या, रबराच्या घडीतले पापुद्रे हाताने काढा. एरवी महिन्यातून एकदा, पावसाळ्यात जमल्यास दोनदा हे पुरतं.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र ओतण्याचा उपाय घरोघर सांगितला जातो. फसफसतं छान. पण आम्ल आणि अल्क एकमेकांना मारतात आणि उरतं ते जवळजवळ नुसतं पाणी. फसफस बघून समाधान होतं, एवढाच त्याचा उपयोग.

डिस्केलिंग पावडरीचा घोळ वेगळा. तिच्यात मुख्यतः लिंबूसत्त्व असतं आणि तिचं काम क्षार काढण्याचं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक दर लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंतचा कठीणपणा चांगला मानतं आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतं. बोअर आणि टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत हीटरवर पांढरं कवच धरतं, साबण जास्त लागतो, आणि क्षारांच्या खडबडीत पृष्ठभागावर बुरशीला पाय रोवायला जागा मिळते. तेव्हा डिस्केलिंग हवंच, पण तेलकट थर त्याने निघत नाही. आधी परकार्बोनेट, आणि दुसऱ्या दिवशी, वेगळ्या फेरीत, लिंबूसत्त्व. क्लोरीनचं ब्लीच, म्हणजे रंग उडवणारं साधं ब्लीच, कोणत्याही आम्लाबरोबर मशीनमध्ये जाता कामा नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. ते वापरायचंच तर रबरावरच्या काळ्या डागांपुरतं, पाण्यात पातळ करून, फडक्याने, खिडकी उघडी ठेवून. वारंवार नको, स्पायडरच्या धातूला ते मानवत नाही.

रबर साफ करताना फक्त समोरचा भाग पुसून भागत नाही. दोन बोटांनी खालची घडी उलटवा. आत पाणी साचलेलं असतं, हरवलेला एखादा पायमोजा असतो, आणि पाणी निचरण्यासाठीची छोटी भोकं केसांनी बुजलेली असतात. ती जुन्या टूथब्रशने मोकळी करा. डाग रबराच्या आतच मुरले असतील तर ते कधीच निघत नाहीत, पण डाग म्हणजे वास नव्हे, ते दिसण्यापुरते राहिले तरी चालेल. साबणाचा खण कळ दाबून पूर्ण बाहेर ओढता येतो. खण धुऊन झाला की मोकळ्या कप्प्यात टॉर्च मारा आणि वर बघा. पाणी पडतं त्या छताला बुरशी लटकलेली असते.

मग फिल्टर. मशीनच्या तळाशी, बहुतेकदा उजव्या कोपऱ्यात, एक छोटं झाकण असतं. अनेक घरांत ते मशीन आल्यापासून उघडलेलंच नसतं. प्लग काढा, आतलं पाणी निवल्याची खात्री करा, खाली जुनं फडकं आणि बसकी परात सरकवा. कित्येक मॉडेलांत बोटाएवढी रबरी नळी असते, तिचं बूच काढलं की साठलेलं पाणी परातीत उतरतं. नळी नसेल तर फिल्टर अर्धा फेराच फिरवा आणि पाणी हळूहळू येऊ द्या, नाहीतर खोलीभर होईल. फिल्टर बाहेर येतो तो केसांचा आणि धाग्यांचा काळा बोळा घेऊनच. त्यात सेफ्टी पिन, रुपया, शर्टाचं बटण, खिशात राहिलेल्या तिकिटाचा लगदा. वास एवढा की नाकाला पदर लावावा. आतल्या पोकळीत बोट घालून पंपाचा छोटा पंखा मोकळा फिरतोय ना, ते बघा आणि फिल्टर घट्ट बसवा.

रोजचं म्हणाल तर धुणं संपलं की कपडे लगेच काढायचे, घडीतलं पाणी पुसायचं आणि दार व खण उघडे ठेवायचे. जुलैत मुंबईची हवाच 80 टक्क्यांच्या वर दमट असते, तिथे दार बंद करून आतलं पाणी सुकेल कसं? अडचण जागेची येते. ड्राय बाल्कनीत दार उघडं ठेवलं तर जायला वाट नाही, आणि मॉड्युलर किचनमध्ये ओट्याखाली मशीन बसवलं की शटर लावल्याशिवाय सजावट पुरी होत नाही. निदान चार बोटांची फट ठेवा. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर मात्र दार तेवढ्याच फटीवर पक्कं बांधून ठेवा आणि मशीन चालू करण्यापूर्वी ड्रममध्ये नजर टाका. घामेजलेले कपडे दोन-दोन दिवस ड्रममध्येच साठवण्याची सवय मोडली तर आणखी बरं. त्यासाठी जाळीची टोपली आहे.

एवढं करूनही वास राहिला तर नाक मशीनकडून नहाणीकडे वळवावं. कुबट वास आणि गटाराचा, सडक्या अंड्यासारखा वास यांत फरक आहे. आपल्याकडे मशीनचा पाइप बऱ्याचदा सरळ नहाणीच्या जाळीत खोल खुपसलेला असतो. घर आठ-पंधरा दिवस बंद राहिलं की जाळीखालच्या ट्रॅपमधलं, वास अडवणारं पाणी आटतं आणि गटारातला वायू पाइपातून ड्रमपर्यंत चढतो. ट्रॅपमध्ये दोन तांबे पाणी ओतून दुसऱ्या दिवशी पुन्हा वास घ्या. पाइप जमिनीवर लोळत असेल तर तो मशीनच्या पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर, साधारण 60 ते 100 सेंटिमीटरवर, टांगून घ्यावा आणि त्याचं टोक सांडपाण्यात बुडलेलं नसावं. हे काम मेकॅनिकचं नाही, प्लंबरचं.