फ्रीजचा गॅस संपत नाही

फ्रीज थंड करेनासा झाला की घरात पहिलं निदान ठरलेलं असतं: "गॅस संपला असेल." शेजारच्या काकू तेच म्हणतात, आणि बरेचदा मेकॅनिकही हत्यारांची पिशवी उघडण्याआधी तेच सांगतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस जळतो, म्हणून संपतो. फ्रीजमधला गॅस जळत नाही आणि खर्चही होत नाही. तो बंद नळ्यांमधून गोल फिरत राहतो. नळीला कुठे भोक पडलं नाही, तर वीस वर्षांनंतरही तो तेवढाच असतो. हे ठाऊक नसल्यामुळे किती घरांतून दर दोन वर्षांनी गॅस भरण्याचे पैसे जातात, याची मला मनापासून खंत वाटते. म्हणून हा लेख.

आत काय घडतं ते आधी पाहू. कंप्रेसर गॅस दाबतो, दाबल्यामुळे तो तापतो. ती उष्णता जुन्या फ्रीजमध्ये मागच्या काळ्या जाळीतून बाहेर पडते, हल्लीच्या बहुतेक फ्रीजमध्ये बाजूच्या पत्र्यांतून. उष्णता गेली की गॅसचा द्रव होतो. मग कॅपिलरी नावाच्या अतिशय बारीक नळीतून जाताना त्याचा दाब उतरतो आणि फ्रीझरच्या कॉइलमध्ये पोचल्यावर तो द्रव उकळू लागतो. उकळायला लागणारी उष्णता तो आतल्या दुधा-भाज्यांकडून घेतो. थोडक्यात, फ्रीज आतली उष्णता उचलून स्वयंपाकघरात आणून टाकतो.

त्यामुळे कूलिंग कमी वाटलं की पहिला प्रश्न हा विचारायचा: उष्णतेला बाहेर पडायला वाट आहे का? दिवाळीच्या साफसफाईत फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवला जातो, डोक्यावर डबे चढतात, मागच्या जाळीवर धूळ आणि फोडणीचा तेलकट थर बसलेला असतो. त्यात ऑक्टोबरचं ऊन आणि आत नुकतं तापवलेलं दुधाचं पातेलं. प्लग काढून जाळी मऊ ब्रशने साफ करा, मागे आणि बाजूंना चार बोटं तरी जागा सोडा. बाजूचा पत्रा हाताला गरम लागतो म्हणून घाबरू नका, तो गरम असणं हे यंत्र चालू असल्याचं लक्षण आहे.

थंडावा हाताने जोखू नका. मधल्या कप्प्यात पाण्याच्या पेल्यात साधा थर्मामीटर ठेवा आणि सकाळी वाचा. ४ अंश सेल्सिअसच्या आसपास असलं पाहिजे, फ्रीझरमध्ये उणे १८. पाच अंशांच्या वर अन्नातले जिवाणू झपाट्याने वाढू लागतात. नॉबवरचे आकडे अंश नव्हेत. साधारणपणे मोठा आकडा म्हणजे जास्त कूलिंग, म्हणून थंडीच्या दिवसांत मागच्या बाजूची काकडी-कोथिंबीर गोठू लागली तर नॉब खाली आणायचा.

दाराचं रबर तपासायला एक कागद पुरतो. दारात अर्धा अडकवा आणि ओढा. सहज निसटला तर तिथून हवा आत जाते. अनेकदा रबर फाटलेलं नसतं, घड्यांत चिकटपणा आणि पावसाळ्यातली काळी बुरशी साचलेली असते. कोमट साबणपाण्याने पुसलं की ते पुन्हा घट्ट बसतं.

यापुढचं निदान फ्रीज कोणत्या प्रकारचा आहे यावर ठरतं.

एक दाराच्या साध्या फ्रीजमध्ये फ्रीझरच्या कप्प्याची भिंत हीच कॉइल. तिच्यावर बर्फ चढतो आणि जाड बर्फ उष्णतेला अडवतो. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात दमट हवेमुळे हे फार लवकर होतं. अर्धा सेंटिमीटर थर झाला की नॉबच्या मधलं डीफ्रॉस्टचं बटण दाबा आणि थांबा. इथे लोक घाई करतात, सुरी किंवा उलथन्याचं टोक घेऊन बर्फ खरवडतात. ती भिंत ॲल्युमिनिअमची आणि पातळ असते. एक टोक लागलं की गॅस खरोखर जातो, आणि एवढ्यावर थांबत नाही. आजच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो उणे १२ अंशांच्या सुमारास उकळतो, त्यामुळे त्याहून थंड कॉइलमध्ये दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी असतो. भोकातून हवा आणि पाण्याची वाफ आत ओढली जाते आणि पुढे कॅपिलरीत बर्फ अडकतो. कृपा करून बर्फाला लोखंड लावू नका.

फ्रॉस्ट-फ्री, दोन दारांच्या फ्रीजची तक्रार वेगळी असते: वर बर्फ होतो, खाली मात्र दूध नासतं. माझ्या मते सर्वांत जास्त चुकीचं निदान याच लक्षणाचं होतं. इथे कॉइल मागच्या पॅनेलआड लपलेली असते आणि एक पंखा तिच्यावरची थंड हवा खालच्या कप्प्यात ढकलतो. कॉइलवर साचलेला बर्फ वितळवायला ठरावीक काळाने एक हीटर चालू होतो. हीटर, त्याचा टायमर, सेन्सर किंवा फ्यूज यांपैकी काही निकामी झालं की बर्फ वाढत जातो, हवेची वाट बुजते आणि खालचा कप्पा उबदार होतो. गॅस पुरेपूर असतो. कधी पंखाच बंद पडलेला असतो. बऱ्याच मॉडेलमध्ये दार उघडलं की पंखा थांबतो, म्हणून दाराचं बटण बोटाने दाबून धरा आणि आवाज ऐका.

घरच्या घरी खात्री करता येते. फ्रीज रिकामा करून प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवा, खाली जुने टॉवेल पसरा, पूर्ण चोवीस तास थांबा. नंतर काही दिवस उत्तम चालून पुन्हा तेच झालं, तर दोष डीफ्रॉस्टच्या भागात आहे. "गॅस भरला तेव्हा आठवडाभर छान चालला होता" या अनुभवाचं कोडंही इथेच सुटतं. दुरुस्तीसाठी फ्रीज तासन्‌तास बंद होता, तेवढ्यात आतला बर्फ वितळला. उपाय झाला तो बर्फावर, पैसे गेले गॅसचे.

भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल तर आतल्या मागच्या भिंतीच्या तळाशी असलेलं छोटं भोक पाहा. वितळलेलं पाणी तिथून कंप्रेसरवरच्या ट्रेमध्ये जाऊन आपोआप वाळतं. भोकात कोथिंबिरीची काडी अडकली की पाणी आत परततं. कोमट पाण्याची पिचकारी मारली की बहुधा मोकळं होतं. पावसाळ्यात दाराच्या बाहेरून दव धरणं मात्र बिघाड नव्हे.

दर काही मिनिटांनी मागून "टक्‌" आवाज येतो आणि कंप्रेसर सुरू होत नाही, तेव्हा रिले किंवा ओव्हरलोड तपासायला सांगा, हे स्वस्त भाग आहेत. कधी दोष फ्रीजचा नसून विजेचा असतो. संध्याकाळी गावाकडे व्होल्टेज २३० वरून बरंच खाली येतं आणि कंप्रेसरला सुरुवातीचा जोर मिळत नाही. तिथे चांगला स्टॅबिलायझर हवाच. वीज जाऊन लगेच आली तर निदान पाच मिनिटं थांबून फ्रीज लावा, नळ्यांतला दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो. वीज गेलेली असताना दार उघडू नका. बंद फ्रीजमध्ये अन्न साधारण चार तास सुरक्षित राहतं, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तासांपर्यंत टिकतो. इन्व्हर्टर कंप्रेसरचा फ्रीज जवळजवळ सतत हळू चालतो. ती त्याची रीतच आहे.

पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मात्र काहीच तपासत बसू नका. प्लग काढा, इलेक्ट्रिशियन बोलवा, अर्थिंग पाहून घ्या. ओल्या फरशीवर अनवाणी वावरणारी मुलं त्याच घरात असतात.

गॅस खरोखर गळतो तेव्हा चित्र असं असतं: कंप्रेसर अखंड चालतो, बाजूचा पत्रा जेमतेम कोमट, आणि कॉइलच्या एका टोकालाच हिम धरतं. अशा वेळी गळती कुठे आहे ते शोधणं, ती बुजवणं, नायट्रोजनच्या दाबाने खात्री करणं, फिल्टर बदलणं, व्हॅक्यूम पंपाने हवा काढणं आणि मग गॅस मोजून भरणं, असा क्रम असतो. बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये शंभर ग्रॅमहूनही कमी गॅस लागतो, त्यामुळे अंदाजाने भरून चालत नाही. जुन्या फ्रीजमधल्या आर-१२ मुळे ओझोनच्या थराला धोका होता, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो हटला. आर-६००ए ओझोनला निरुपद्रवी, पण ज्वलनशील. काम चालू असताना खिडक्या उघड्या हव्यात, गॅसची शेगडी बंद हवी.

मेकॅनिकला फोन करण्याआधी फ्रीजवरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. त्यावर मॉडेल, गॅसचं नाव आणि ग्रॅम छापलेले असतात. वॉरंटी कार्डही शोधा. दहा वर्षांची म्हणून सांगितलेली वॉरंटी बहुधा फक्त कंप्रेसरची असते, आणि गॅस व मजुरी तिच्यात धरलेली आहे की नाही, ते कार्डाच्या मागच्या बारीक अक्षरांत वाचायला मिळतं.