प्रकाशास वळण लावणारे द्रव

काचेचे भिंग एकदा घासून तयार झाले की त्याचे गुणधर्म कायमचे ठरून जातात. पृष्ठभागांची वक्रता आणि काचेचा वक्रीभवनांक यांवर त्याची शक्ती अवलंबून असते, आणि या दोहोंपैकी काहीही मागाहून बदलता येत नाही. द्रवाची गोष्ट निराळी आहे. द्रवाला स्वतःचा आकार नसतो. तो वाहतो, मिसळतो, काढून घेऊन त्याच्या जागी दुसरा भरता येतो. या चंचलपणाचा उपयोग करून प्रकाशाचे नियंत्रण करणारी शाखा एकविसाव्या शतकाच्या आरंभी उदयास आली. तिला ‘ऑप्टोफ्लुइडिक्स’ असे नाव आहे; मराठीत तिला द्रवप्रकाशविज्ञान म्हणता येईल.

तिचे मूळ मात्र जुने आहे. १८४१ साली जिनीव्हा येथे कोलाडाँ या शास्त्रज्ञाने टाकीच्या छिद्रातून पडणाऱ्या पाण्याच्या धारेत प्रकाश सोडला. धार वाकली तसा प्रकाशही तिच्याबरोबर वाकला. पाण्याचा वक्रीभवनांक, म्हणजे निर्वातातील प्रकाशवेग पाण्यातील वेगाच्या किती पट आहे हे दाखवणारी संख्या, १.३३ आहे, हवेचा जवळजवळ १ आहे. अशा वेळी धारेच्या कडेवर तिरपा आदळणारा प्रकाश बाहेर न पडता पुन्हा आत परावर्तित होतो. यालाच पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात.

२००४ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात हेच तत्त्व केसाएवढ्या बारीक वाहिनीत योजण्यात आले. मध्यभागी कॅल्शियम क्लोराइडचे तीव्र द्रावण आणि दोन्ही बाजूंस साधे पाणी असे प्रवाह सोडले. द्रावणाचा वक्रीभवनांक सुमारे १.४४ असल्यामुळे प्रकाश मधल्या प्रवाहातूनच गेला. इतक्या अरुंद जागेत द्रवाचा चिकटपणा प्रबळ ठरतो, भोवरे उठत नाहीत, आणि शेजारचे प्रवाह फारसे न मिसळता समांतर वाहतात. एका बाजूचे पाणी जोराने सोडताच मधला प्रवाह सरकतो व प्रकाशाचा मार्गही बदलतो. येथे कोणताही घन भाग हलवावा लागत नाही.

याहून पुढचे पाऊल नॅनोमीटरच्या क्षेत्रात पडते. दहा लाख नॅनोमीटर मिळून एक मिलिमीटर होतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. सिलिकॉनच्या पातळ पत्र्यात तरंगलांबीहून लहान छिद्रांची नियमित जाळी कोरली, तर काही तरंगलांबींच्या प्रकाशास तिच्यातून जाताच येत नाही. या जाळीस प्रकाशीय स्फटिक म्हणतात. छिद्रांत द्रव भरला की अडवल्या जाणाऱ्या तरंगलांबी बदलतात. द्रव बदलला की त्या पुन्हा बदलतात. अशाच प्रकारे एखाद्या सूक्ष्म वलयात प्रकाश असंख्य फेऱ्या घेतो. भोवतालच्या द्रवात झालेला अल्पसा फरक प्रत्येक फेरीत साठत जातो आणि अखेरीस मोजण्याजोगा होतो. म्हणून द्रवाचा अत्यल्प थेंबही येथे पुरेसा होतो.

या विषयाच्या निकटचे संशोधन भारतातही चालते. लखनौच्या इंदिरा नगर वस्तीतून मेट्रो रेल्वेची लाल मार्गिका जाते. इंदिरा नगर स्थानकापासून पाच स्थानकांवर विश्वविद्यालय स्थानक आहे. १९२० साली स्थापन झालेल्या लखनौ विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात द्रव स्फटिकांचा अभ्यास केला जातो. त्याच गाडीतील प्रवाशांच्या घड्याळांत व कित्येक दूरध्वनींच्या पडद्यांत हेच द्रव स्फटिक असतात.

द्रव स्फटिक द्रवाप्रमाणे वाहतो, परंतु त्याचे लांबट रेणू स्फटिकातल्याप्रमाणे एका दिशेने रांगेत राहतात. त्यामुळे त्याला दोन वक्रीभवनांक असतात: नेहमीच्या द्रव स्फटिकात रेणूंच्या लांबीच्या दिशेने सुमारे १.७ आणि आडव्या दिशेने सुमारे १.५. विद्युत्‌दाब दिला की रेणू वळतात, आणि प्रकाशाला जाणवणारा वक्रीभवनांक बदलतो. लखनौच्या प्रयोगशाळेत अशा द्रवात काही नॅनोमीटर आकाराचे कण अल्प प्रमाणात मिसळून पाहिले जातात. हे कण द्रवातील विद्युत्‌भारित अशुद्धींना धरून ठेवू शकतात; त्यामुळे योग्य प्रमाणात मिसळल्यास रेणू वळवण्यास लागणारा दाब कमी होऊ शकतो. प्रमाण वाढले, तर मात्र कणांच्या गुठळ्या होतात व रेणूंची रांगच बिघडते.

द्रवाच्या चंचलपणाची किंमतही द्यावी लागते. द्रव स्फटिकातील रेणूंना वळण्यास काही सहस्रांश सेकंद लागतात. दूरसंदेशवहनात मात्र सेकंदाला अब्जावधी स्पंद लागतात. सूक्ष्म वाहिनीत हवेचा एक बुडबुडा शिरला तरी प्रवाह अडतो. सर्वांत मोठी अडचण उष्णतेची आहे. पाण्याचे तापमान एका अंशाने वाढले की त्याचा वक्रीभवनांक सुमारे ०.०००१ ने घटतो. ही घट क्षुल्लक वाटेल. परंतु पाण्यातील दूषित द्रव्य ओळखण्यासाठी केलेले सूक्ष्म वलय याहून लहान फरकही टिपते. उन्हाळ्यात चाळीस अंशांपलीकडे तापणाऱ्या शहरात असे उपकरण सावलीतून उन्हात नेले, तर ते शुद्ध पाण्यातही दोष दाखवील, किंवा खरा दोष झाकून टाकील. यावर साधा उपाय आहे. त्याच पट्टीवर शुद्ध पाण्याने भरलेले दुसरे वलय ठेवतात. तापमानाचा परिणाम दोन्ही वलयांवर सारखाच होतो. म्हणून त्यांच्या मापांतील अंतर तेवढे खरे मानावे.

तात्पर्य, जेथे अतिशय वेग हवा तेथे द्रवाचा आग्रह धरू नये. जेथे साधन परिस्थितीप्रमाणे बदलावे लागते, किंवा ज्याची परीक्षा करावयाची तो पदार्थच द्रव असतो, तेथे द्रवाची बरोबरी काच करू शकत नाही. तपासावयाचे पाणी स्वतःच साधनाचा एक भाग बनते, हे या विद्येचे खरे वैशिष्ट्य होय.