वाढत्या कण्यावर नजर

मागच्या व्याख्यानानंतर एका ताईंनी विचारलं होतं, "सर, मुलीचा एक खांदा वर दिसतो. दप्तरामुळे असेल का?" मी डॉक्टर नाही, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण हा प्रश्न आमच्या घरातही येऊन गेलाय, म्हणून बोलतो.

जड दप्तराने पाठ दुखेल. पण त्यामुळे स्कोलिओसिस होतो याला पुरावा नाही. मग कशामुळे होतो? बहुतेक मुलांच्या कागदावर 'इडिओपॅथिक' लिहिलेलं असतं. ग्रीकातून आलेला भारदस्त शब्द, अर्थ एवढाच की कारण ठाऊक नाही. हे मराठीत सांगावं हो, म्हणजे आई उगाच स्वतःला दोष देत बसणार नाही.

कणा नुसता बाजूला वळत नाही, स्वतःभोवती पिळतोही. त्या पिळामुळे एका बाजूच्या बरगड्या उचलल्या जातात. मूल सरळ उभं असताना हे लपतं. म्हणून लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम ॲडम्स यांनी १८६५ साली वर्णिलेली तपासणी आजही करतात: पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून मुलाला पुढे वाकवायचं आणि मागून पाहायचं. पाठीची एक बाजू उंच दिसली, तर डॉक्टरांकडे जायचं.

एक्स-रेवर वाक मोजतात तो कॉब कोन. दहा अंशांपासून स्कोलिओसिस म्हणतात. पण नुसत्या आकड्याला अर्थ नाही, हे नीट लक्षात घ्या. पाळी अजून न आलेल्या अकरा वर्षांच्या मुलीचे वीस अंश आणि वाढ संपलेल्या सतरा वर्षांच्या मुलीचे वीस अंश, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीची उंची झपाट्याने वाढणार, तिच्याबरोबर वाकही वाढू शकतो. शिवाय मोजण्यातच चार-पाच अंशांचा फरक पडतो. म्हणून काही महिन्यांनी पुन्हा पाहावं लागतं. घरी दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर उंचीची खूण केली, तर वाढीचा वेगही कळतो.

वेळेत कळून उपयोग काय? अमेरिका आणि कॅनडातल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली आले. वाढ संपेपर्यंत वाक पन्नास अंशांच्या आत राहिला, असं ब्रेस वापरणाऱ्यांत ७२ टक्के, न वापरणाऱ्यांत ४८ टक्के. म्हणजे ब्रेसचा उपयोग आहे. पण जवळपास निम्म्यांचं त्याच्याशिवायही भागलं, हेही खरंच. सगळ्या मुलांची सरसकट तपासणी करावी का, यावर म्हणूनच जाणकारांत मतभेद आहेत.

आमच्या नातीचं शिंप्याच्या लक्षात आलं, आमच्या नाही. परकर एका बाजूला वर जातो म्हणाला. आम्ही त्यालाच रागावलो! आता ती ब्रेस घालते, उन्हाळ्यात चिडते. पुढचा एक्स-रे जूनमध्ये आहे.