रायफलचे वजन घटते, तेव्हा धक्का कोण सोसतो?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक पटकावले, तेव्हा त्याच्या हातातील यंत्रासारखी दिसणारी अवजड रायफल अनेकांच्या नजरेत भरली. पुरुषांच्या या प्रकारात रायफलचे वजन आठ किलोपर्यंत असू शकते. स्पर्धेतील नेमबाजाला हे वजन हवेच असते. जड वस्तू सहजासहजी डुलत नाही. श्वासाची आणि हृदयाच्या ठोक्यांची थरथर ती पोटात घेते.

मात्र ही रायफल खांद्यावर टाकून त्याला डोंगर चढायचा नसतो. अमेरिकेतील रॉकी पर्वतात परवाना घेऊन एल्क किंवा रानमेंढ्याच्या मागे जाणाऱ्या शिकाऱ्याची, किंवा आल्प्सच्या उतारांवर शॅमॉय हरणाचा माग काढणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. पाठीवर तंबू, पाणी, शिधा आणि वर रायफल असे ओझे घेऊन त्याला दिवसभर चढउतार करावी लागते. दुर्बीण, पट्टा आणि काडतुसांसह साडेचार किलोच्या घरात जाणारी नेहमीची रायफल तिसऱ्या दिवशी नकोशी होते. म्हणूनच शिकारीच्या रायफलचे वजन घटवण्याचा उद्योग तेथे गेली अनेक दशके सुरू आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकारीचे युग संपले. परंतु या उद्योगामागचे शास्त्र समजून घेण्याजोगे आहे. घटवलेला प्रत्येक ग्रॅम कुठे ना कुठे किंमत मागतो, हे त्या शास्त्राचे सार होय.

धक्क्याचे गणित

गोळी पुढे जाते तेव्हा रायफल मागे येते, हा न्यूटनचा तिसरा नियम शाळेतच शिकवला जातो. त्याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. ‘.३०-०६’ हे अमेरिकेतील अतिशय प्रचलित काडतूस घेऊ. त्यातील सुमारे पावणेबारा ग्रॅमची गोळी सेकंदाला ८२० मीटरच्या आसपास वेगाने सुटते. तिच्यामागून साडेतीन ग्रॅम दारूचा वायू त्याहून अधिक वेगाने बाहेर पडतो. वायूचा वेग सेकंदाला १२०० मीटर धरला, तर चार किलोची रायफल सेकंदाला साडेतीन मीटर वेगाने मागे येते आणि खांद्यावर सुमारे २५ ज्यूल ऊर्जा आदळते. तीच रायफल तीन किलोची केली, तर हा आकडा ३३ ज्यूलवर जातो. वजन एक चतुर्थांशाने घटले, धक्का एक तृतीयांशाने वाढला.

हा धक्का केवळ खांदा दुखवून थांबत नाही. जोरदार धक्क्याची सवय लागलेला शिकारी चाप ओढण्याच्या क्षणी नकळत डोळे मिटतो, अंग चोरतो. नेम सुटतो तो इथेच. रेंजवर नेम चुकला तर गुण जातो. डोंगरात नेम चुकला तर जनावर जखमी होऊन दरीत उतरते आणि कित्येक तास, कधी कित्येक दिवस तडफडते. वजनाचा प्रश्न त्यामुळे केवळ शिकाऱ्याच्या सोयीचा राहत नाही.

वजन नेमके असते कुठे?

रायफलचे वजन मुख्यतः तीन ठिकाणी असते : पोलादी नळी, काडतूस ज्यात बसते तो बोल्टसह मधला भाग आणि लाकडी अथवा कृत्रिम दस्ता. चौथे ठिकाण बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, ते म्हणजे वर बसवलेली दुर्बीण. मोठ्या भिंगाची, जाड नळकांड्याची दुर्बीण पाऊण किलोपर्यंत भरते. साधी ४० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण तिच्या निम्म्या वजनात मिळते. ती बसवण्याच्या पोलादी कड्यांऐवजी अॅल्युमिनियमची कडी वापरली, तर आणखी काही ग्रॅम वाचतात. रायफलला हात न लावता होणारी ही बचत सर्वांत स्वस्त ठरते. अनुभवी मंडळी सुरुवात इथूनच करतात.

त्यानंतर क्रम लागतो दस्त्याचा. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता साधारण एक किलोचा असतो. साच्यात ओतलेला स्वस्त प्लास्टिकचा दस्ता बहुधा तेवढाच जड निघतो, ही बाब अनेकांना चकित करते. कार्बन तंतूंचा दस्ता मात्र अर्धा ते पाऊण किलोत होतो आणि लाकडाप्रमाणे दमट हवेत फुगत वा वाकत नाही. मधल्या भागात पोलादाऐवजी टायटॅनियम वापरले, तर तेवढ्या भागाचे वजन चाळीस टक्क्यांहून अधिक घटते. अर्थात, किंमतही त्याच उत्साहाने वाढते.

नळीवर चालणारी कातर

खरी कसोटी लागते नळीपाशी. नळी आखूड करणे हा सर्वांना सुचणारा उपाय असला, तरी त्याचे फळ तुटपुंजे आहे. नळीचे टोक आधीच बारीक असल्याने तेथून दोन इंच कापले, तर जेमतेम ५० ग्रॅम वाचतात. उलट दर इंचामागे गोळीचा वेग सेकंदाला सहा ते नऊ मीटरने घटतो आणि आवाजाचा दणका कानाच्या अधिक जवळ येतो. आपल्याकडे तर परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करणे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे.

नळी बारीक केल्यास अधिक वजन वाचते. सरासरी १८ मिलिमीटर जाडीची, ६० सेंटिमीटर लांबीची नळी सर्वत्र एक मिलिमीटरने बारीक केली, तर सुमारे १३० ग्रॅम, म्हणजे नळीच्या वजनाच्या १३ टक्के बचत होते. तिचा ताठपणा मात्र २१ टक्क्यांनी घसरतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. बारीक नळी लवकर तापते आणि तापली की तिसरी-चौथी गोळी पहिलीपासून दूर जाऊ लागते. शिकाऱ्याला दिवसाकाठी थंड नळीतून एक, फार तर दोन गोळ्या झाडायच्या असतात. म्हणून त्याला ही तडजोड परवडते. स्पर्धकाला परवडत नाही.

नळीच्या बाहेरील अंगाला लांब पन्हळी कोरण्याची पद्धतही प्रचलित आहे. पन्हळीची नळी तेवढ्याच वजनाच्या गोल नळीपेक्षा ताठ असते, हे खरे. पण कोरण्यापूर्वी ती जेवढी ताठ होती, तेवढी ती राहत नाही. अलीकडे बारीक पोलादी नळीवर कार्बन तंतूंचे वेष्टन चढवले जाते. जाड पोलादी नळीच्या तुलनेत ती निश्चित हलकी असते; मुळात बारीक असलेल्या नळीपेक्षा हलकी असेलच असे नाही. जाहिरातीत हा फरक सांगितला जात नाही.

घाईने घटवलेले वजन

वजन घटवण्याच्या नादात काय घडू शकते, याचा धडा लष्करी इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात, १९४४ मध्ये, ब्रिटनने पूर्वेकडील जंगलांतील लढाईसाठी .३०३ ली-एनफिल्ड रायफलची हलकी आवृत्ती काढली. ‘जंगल कार्बाइन’ या नावाने ती ओळखली गेली. नळी आखूड झाली, लाकूड कमी झाले, जागोजागी धातू कोरून काढण्यात आला आणि पाऊण किलोहून अधिक वजन उतरले. परंतु तिचा धक्का झोंबणारा होता. एकदा जुळवलेला नेम टिकत नाही, अशी तक्रारही तिच्यामागे कायमची लागली.

याउलट १९५२ मध्ये अमेरिकेच्या विंचेस्टर कंपनीने आपल्या मॉडेल ७० रायफलची ‘फेदरवेट’ आवृत्ती आणली, तेव्हा अधिक विचार झालेला दिसतो. २४ ऐवजी २२ इंचांची बारीक नळी आणि चापाभोवतालच्या भागात अॅल्युमिनियम, असे सर्वत्र थोडेथोडे वजन उतरवण्यात आले. १९८० च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियातील मेल्विन फोर्ब्स यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. तयार रायफल तासत बसण्याऐवजी त्यांनी नवी रायफलच काडतुसाच्या मापाने बेतली. मधला भाग काडतुसाला लागेल तेवढाच लांब आणि जाड ठेवला. केवलार व कार्बन तंतूंचा दस्ता इतका ताठ केला की, बारीक नळीला त्याने पूर्ण लांबीभर आधार द्यावा. दुर्बिणीविना सव्वादोन किलोच्या आसपास भरणारी त्यांची रायफल अचूकतेसाठी नावाजली गेली. जिथे काम नाही तिथले वजन काढा, जिथे काम आहे तिथले राहू द्या, हा त्यातील धडा आहे.

कॉर्बेट यांची लहान रायफल

या प्रश्नाचे आणखी एक उत्तर कुमाऊंच्या डोंगरांत सापडते. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यानंतर संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी जिम कॉर्बेट यांना लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट दिली. कॉर्बेट यांच्यापाशी मोठ्या काडतुसाची, दोन नळ्यांची .४५०/४०० रायफलही होती. पण ही हलकी रायफल त्यांची लाडकी राहिली. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याला त्यांनी १९२६ मध्ये टिपले ते हिनेच.

.२७५ रिग्बी म्हणजे मूळचे सात मिलिमीटरचे माउझर काडतूस. त्यातील नऊ ग्रॅमची गोळी तेवढ्याच वेगाने सोडली, तर तीन किलोच्या रायफलचा धक्का २० ज्यूलच्या आसपास राहतो. म्हणजे .३०-०६ च्या चार किलोच्या रायफलपेक्षाही कमी! हलकी रायफल हवी असेल, तर आधी काडतूस सौम्य निवडावे, असा याचा अर्थ. नळीच्या टोकाला छिद्रांचा ‘ब्रेक’ बसवून धक्का कमी करता येतो. मात्र त्यामुळे आवाज कानठळ्या बसवणारा होतो. सायलेन्सर लावला, तर वाचवलेले वजन पुन्हा नळीच्या टोकावर येऊन बसते.

डोंगर चढून धापा टाकणाऱ्या माणसाच्या हातात अतिहलकी रायफल काडीसारखी हलते, हेही विसरता येत नाही. म्हणून रायफल हलकी, पण तिचा तोल किंचित पुढच्या बाजूला, अशी रचना जाणकार पसंत करतात. शेवटी, काट्यावर किती ग्रॅम उतरले याला फारसे महत्त्व नाही. दमलेल्या माणसाने, थंड नळीतून, झाडलेली पहिली गोळी कुठे लागली, एवढेच मोजायचे असते. ती चुकली, तर वाचवलेल्या वजनाची किंमत समोरचे मुके जनावर मोजते.